लाल डगला, खाकी सदरा

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर जुनाच वाद पुन्हा पेटला. कुणीतरी एका मंत्र्याला दिलेल्या पोलीस मानवंदनेचा व्हिडिओ टाकला होता. लगेच एका मैत्रिणीने लिहिलं, "गोरा साहेब गेला, त्याचा बिगुल मात्र आपल्या मानगुटीवर बसलाय." दुसऱ्याने मुंबई पोलिसांच्या घोड्यांचा विषय काढला. 1932 मध्ये बंद झालेलं घोडेस्वार पथक तब्बल 88 वर्षांनी परत आणायची घोषणा 2020 च्या प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास झाली होती. त्यावर तेव्हाही अशीच जुंपली होती. एका बाजूला परंपरा, दुसऱ्या बाजूला गुलामगिरीची खूण, आणि मध्ये खर्चाचा हिशेब. शेवटी एकाने मला गाठलं: "तू तिकडे राहतेस, तूच सांग. अमेरिकेतले लोक कामापुरतं बघतात. असली शोभेची पलटण ते कशाला पोसतील?"

पोसतात. नुसती पोसत नाहीत, तिच्यासाठी कायदा करतात, तो दुरुस्त करतात, त्यावर विधिमंडळात भांडतात. मी कनेक्टिकट राज्यात राहते, आणि माझ्या घरापासून गाडीने पंचवीस मिनिटांवर अशी एक पलटण आहे. उत्तर ग्रुपवर मावणारं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

एव्हन नावाच्या गावात 'गव्हर्नर्स हॉर्स गार्ड'च्या, म्हणजे गव्हर्नरच्या घोडेस्वार पथकाच्या, पहिल्या कंपनीचा तबेला आहे. (इथला गव्हर्नर म्हणजे लोकांनी निवडून दिलेला राज्याचा प्रमुख.) गुरुवारी संध्याकाळी त्यांची कवायत असते आणि कुणीही जाऊन बघू शकतं. मुलीला घोड्यांचं वेड, म्हणून पहिल्यांदा गेले. तबेल्यात शिरल्या शिरल्या ओल्या गवताचा आणि चामड्याला लावलेल्या तेलाचा वास आला. एक बाई घोड्याचा मागचा पाय आपल्या दोन गुडघ्यांत धरून, लोखंडी आकडीने खुरातली माती उकरून काढत होती. पन्नाशीची असावी. मी विचारलं, हे तुमचं रोजचं काम का? म्हणाली, नाही, मी नर्स आहे, रात्रपाळी करते, इथे फुकट येते. घोडा कुणाचा? लोकांनी दान दिलेला. पगार? नाही. मग तिने माझ्या मुलीच्या हातात ब्रश दिला आणि तो कुठल्या दिशेने फिरवायचा ते दाखवलं, केस जिकडे वळलेत तिकडे. तासाभराने तीच बाई पूर्ण गणवेशात, तलवार लावून, आठ घोड्यांच्या रांगेत चौथ्या जागी होती. शेजारच्या घोड्याची आणि तिची रिकीब एकमेकींना घासत होती, इतकी ती ओळ बांधून चालली होती.

कनेक्टिकटमध्ये अशा चार कंपन्या आहेत, दोन पायदळाच्या आणि दोन घोड्यांच्या. सगळ्यांत जुनी हार्टफर्डची फूट गार्ड, 1771 ची. तिचा जन्म कसा झाला ते सांगण्यासारखं आहे. तेव्हा निवडणुकीच्या दिवशी गव्हर्नर आणि विधिमंडळाचे सभासद मिरवत सभागृहात जायचे आणि पुढे स्थानिक मिलिशियाची तुकडी चालायची. मिलिशिया म्हणजे गावातलेच शेतकरी, सुतार, दुकानदार, वेळ पडली तर बंदूक घेऊन उभे राहणारे. 1768 च्या निवडणुकीच्या दिवशी त्या तुकडीने असा काही गोंधळ घातला की सगळ्यांनाच लाज वाटली. मग सॅम्युअल विलिस या गृहस्थाने पुढाकार घेतला, विधिमंडळाकडे अर्ज केला, आणि या कामासाठी नीट शिकवलेली, नीट पेहराव केलेली कंपनी उभी राहिली. लाल डगला, अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी. म्हणजे ही पलटण राजाच्या हौसेतून आली नाही. लोकांनी निवडलेल्या माणसांना सभागृहापर्यंत मानाने नेण्यासाठी ती आली, आणि तीही एका अर्जावर. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो.

दुसरी कंपनी न्यू हेवनची, 1775 ची. तिचा पहिला कॅप्टन बेनेडिक्ट अर्नोल्ड. लेक्सिंग्टनच्या चकमकीची, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या ठिणगीची, बातमी आल्यावर 22 एप्रिल 1775 रोजी त्याने गावच्या पंचांकडे दारूकोठाराच्या किल्ल्या मागितल्या, त्यांनी टाळाटाळ केली तेव्हा कुलूप फोडायची धमकी दिली, किल्ल्या घेतल्या आणि कंपनी बोस्टनजवळच्या केंब्रिजच्या दिशेने निघाली. पाच वर्षांनी हाच माणूस इंग्रजांना फितूर झाला. अमेरिकेत फितुराला आजही त्याचंच नाव देतात. तरी न्यू हेवनच्या चौकात दर वर्षी एप्रिलमध्ये तो किल्ल्यांचा प्रसंग उभा करतात आणि अर्नोल्डचं सोंग घेणारा माणूस कंपनीपुढे उभा राहतो. इतिहासातला नकोसा माणूस त्यांनी खोडला नाही. जे घडलं ते घडलं म्हणून दाखवतात.

आता कायद्याकडे येते, कारण खरी गोष्ट तिथे आहे. कनेक्टिकटच्या कायद्यांचं 27 वं शीर्षक सैन्यदलं आणि माजी सैनिकांचं आहे आणि त्यातलं 504 वं प्रकरण मिलिशियाचं. त्याच प्रकरणात नॅशनल गार्ड आहे, म्हणजे पुरात, हिमवादळात लोकांना बाहेर काढणारे आणि केंद्राने बोलावलं तर इराक-अफगाणिस्तानपर्यंत जाणारे. आणि त्याच प्रकरणात हे लाल डगलेवाले आहेत. दोघांवर अधिकार एकाच अॅडज्युटंट जनरलचा, म्हणजे राज्याच्या सैन्यदलांच्या प्रमुख अधिकाऱ्याचा, आणि सगळ्यांच्या वर राज्याचा गव्हर्नर, ज्याला राज्यघटना मिलिशियाचा 'कॅप्टन जनरल' म्हणते. शोभेच्या शिपायाला वेगळं, लाडाचं पुस्तक नाही. जे पान कामाच्या शिपायाचं, तेच याचं.

हे आपोआप झालेलं नाही. 1792 मध्ये संघराज्याच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, मिलिशिया कायदा केला तेव्हा 18 ते 45 वयाच्या प्रत्येक धडधाकट गोऱ्या पुरुषाने नाव नोंदवावं असं ठरवलं. 'गोऱ्या' हा शब्द कायद्यातच होता, त्याकडे पुढे येते. पण राज्याराज्यांत आधीपासून ज्या जुन्या तुकड्या होत्या, त्यांचं काय करायचं? कायद्याने एक कलम घातलं, की त्यांचे परंपरेने चालत आलेले हक्क तसेच राहतील, मात्र मिलिशियाची बाकी कर्तव्यं त्यांनाही चुकणार नाहीत. पुढे 1903 मध्ये मिलिशियाची सगळी घडी नव्याने बसवली गेली, नॅशनल गार्ड केंद्राच्या शिस्तीत आलं, 1916 मध्ये ती शिस्त आणखी घट्ट झाली. पण जुन्या तुकड्यांचं ते कलम 1903 च्या कायद्यातही राहिलं. मान राहील, पण काम सुटणार नाही, हा सौदा मला शहाणपणाचा वाटतो. बोस्टनच्या फॅन्युएल हॉलच्या माळ्यावर आजही नांदणारी 1638 ची आर्टिलरी कंपनी याच वाटेने टिकली. दर जूनमध्ये तिथे नव्या अधिकाऱ्यांची निवड होते आणि गव्हर्नर स्वतः त्यांना नेमणूक देतो.

कायद्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या आजच्या वादांना जास्त लागू आहे. 1879 मध्ये इलिनॉय राज्याने आपली लष्करी संहिता नव्याने लिहिली. राज्याची मिलिशिया आणि केंद्राचं सैन्य सोडून कुणीही टोळी करून, गव्हर्नरच्या परवान्याशिवाय, हत्यारं घेऊन शहरात कवायत किंवा संचलन करायचं नाही, असं तिच्यात होतं. त्याच डिसेंबरात हर्मन प्रेसर नावाच्या जर्मन स्थलांतरिताने घोड्यावर बसून, हातात तलवार घेऊन, बंदुका घेतलेल्या सुमारे 400 माणसांची रांग शिकागोच्या रस्त्यांतून नेली. त्यांची कामगारांची संघटना होती आणि संपांत कामगारांवर बंदुका चालत असल्याने आपलंही दल असावं असं त्यांना वाटत होतं. त्यांचं दुःख खरं होतं. तरीही खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1886 मध्ये निकाल लागला की राज्याला अशी बंदी घालता येते. प्रेसरला दंड झाला 10 डॉलर. रस्त्यावर शिस्तीने, गणवेशात, हत्यारासह चालायचं तर ते कुणाच्या हुकमाखाली आणि कोणत्या कायद्याखाली, हा प्रश्न तेव्हा सुटला. आज अमेरिकेत बंदुकांचं जे काही चाललंय ते मी रोज बघते. मुलीच्या शाळेत दार बंद करून लपायचा सराव होतो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून इथलं सगळं छान आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण निदान हा एक प्रश्न त्यांनी कायद्यात नीट लिहून ठेवला आहे.

खर्चाचं भांडण इथेही आहे. राज्याची तिजोरी आटली की घोड्यांच्या चाऱ्यावर कुणाचं तरी बोट पडतंच. ज्या राज्यात शिक्षकांची कपात होते तिथे तबेला कशाला, हा प्रश्न योग्यच आहे. माझ्या शेजारणीचं मत तेच आहे आणि ते मला पटत नसलं तरी मी त्याचा मान ठेवते. फरक असा, की हे भांडण कुठे होतं ते सगळ्यांना माहीत असतं. विधिमंडळात माजी सैनिक आणि लष्करी बाबींची समिती आहे. तिच्यापुढे विधेयक आलं की जाहीर सुनावणी होते, आणि त्या सुनावणीत कुणीही नाव नोंदवून 3 मिनिटं बोलू शकतं. लेखी म्हणणं दिलं तर ते सरकारी संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला मिळतं. तबेल्यातली नर्सबाईही तिथे जाऊ शकते आणि माझी शेजारीणही.

'गोऱ्या' शब्दाकडे परत येते. बोस्टनला गेलात तर राज्याच्या विधानभवनासमोर, बीकन स्ट्रीटवर एक मोठं कांस्यशिल्प आहे, 1897 मधलं, ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी घडवलेलं. घोड्यावर कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ, आणि त्याच्याबरोबर चालणारे काळे सैनिक, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. ही 54 वी मॅसॅच्युसेट्स रेजिमेंट. यादवी युद्धात, 1863 मध्ये उभी राहिली. 18 जुलैला चार्ल्सटनजवळच्या फोर्ट वॅग्नरवर तिने हल्ला केला, शॉ तिथेच पडला आणि सार्जंट विल्यम कार्नी यांनी जखमी अवस्थेत निशाण जमिनीला लागू दिलं नाही. त्यांना त्याबद्दलचं मेडल ऑफ ऑनर, म्हणजे तिथलं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं ते 1900 साली, म्हणजे 37 वर्षांनी.

पण मला त्यांच्या पराक्रमापेक्षा त्यांच्या पगाराची गोष्ट जास्त लागते. गोऱ्या शिपायाला महिन्याला 13 डॉलर मिळायचे. यांना 10 ठरवले, आणि त्यातले 3 कपड्यांचे म्हणून कापले. हातात 7. त्यांनी ते 7 डॉलर घेतलेच नाहीत. वरची रक्कम राज्य आपल्या तिजोरीतून भरून देतो म्हणालं, तेही नाकारलं. दान नको, बरोबरी हवी. घरी बायकापोरं उपाशी आणि हे बिनपगारी लढतायत, असं वर्षाहून जास्त काळ चाललं. 1864 च्या जूनमध्ये काँग्रेसने समान पगार मंजूर केला. पुढे ती रेजिमेंट मोडली, नाव इतिहासात गेलं. 2008 मध्ये मॅसॅच्युसेट्सने आपल्या नॅशनल गार्डच्या मानवंदना देणाऱ्या तुकडीला हेच नाव दिलं. आज त्या राज्यात माजी सैनिकाची शवपेटी उतरते तेव्हा निशाणाची घडी घालून घरच्यांच्या हातात देणारे सैनिक 54 व्या रेजिमेंटच्या नावाने उभे असतात. ज्यांना कायद्याने आधी दारातच अडवलं, त्यांचंच नाव राज्याने आपल्या मानवंदनेला लावलं.

आता आपल्याकडे बघू. आपण वाद कशावर घालतो? राष्ट्रपतींचं अंगरक्षक दल 1773 चं, वॉरन हेस्टिंग्जने उभं केलेलं, ते ठेवावं का. 2022 मध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणाऱ्या बीटिंग रिट्रीटमधून 'अबाइड विथ मी' या ख्रिस्ती प्रार्थनागीताची धून काढली, ते बरोबर का. त्याच वर्षी 2 सप्टेंबरला नौदलाच्या निशाणावरचा सेंट जॉर्जचा क्रॉस गेला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. त्या दिवशी मला इथे बसून अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. हे वाद निरर्थक नाहीत. पण ते सगळे खुणांचे वाद आहेत. गणवेशाच्या आतला माणूस कोण, त्याला कुठल्या कायद्याने बांधलंय, त्याला दिवसाचे किती मिळतात, हे त्यात कुणीच विचारत नाही.

जुनं म्हणून टाकून द्या, हेही मला मान्य नाही. कोल्हापूर संस्थानाची राजाराम रायफल्स विलीनीकरणानंतर मराठा लाइट इन्फंट्रीची 19 वी बटालियन झाली. संस्थान गेलं, माणसं आणि शिस्त राहिली. आणि सरकारी कागदाशिवाय टिकलेला मान बघायचा तर आषाढीची वारी बघा. माउलींच्या पालखीची शिस्त, दिंड्यांचे क्रमांक, रथापुढच्या आणि रथामागच्या, चोपदाराने दंड उंचावला की लाखभर माणसं गप्प होणं, ही घडी हैबतबाबा आरफळकरांनी घातली, आणि ते शिंद्यांच्या पदरी होते. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आजही रिंगणात धावतात. धावून गेलेल्या घोड्याच्या टापांखालची माती माझी आजी पदरात बांधून आणायची. तो घोडा साहेबाचा की आपला, हा प्रश्न तिला कधी पडला नाही.

पण वारी ही वारी आहे, आणि सरकारी बंदोबस्त वेगळा. मला बोलायचंय ते माझ्या मामाबद्दल.

महाराष्ट्रालाही स्वतःची मिलिशिया आहे. आपण तिला मिलिशिया म्हणत नाही, होमगार्ड म्हणतो. 6 डिसेंबर 1946 रोजी, दंगलींच्या काळात, मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री असताना ही संघटना मुंबईत सुरू झाली आणि 1947 मध्ये तिचा कायदा झाला. म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आपल्याच निवडून आलेल्या सरकारने ही संघटना उभी केली. देशभर जी होमगार्डची कल्पना पसरली, तिची सुरुवात आपल्याकडची. साहेबाचा बिगुल शोधणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे माहीत नव्हतं, आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही माहीत नव्हतं. ब्रीद आहे 'निष्काम सेवा'. ड्युटीवर बोलावलं की त्या माणसाला पोलिसाइतकेच अधिकार आणि पोलिसाइतकंच संरक्षण, असं कायदा सांगतो. बोलावलं नाही की तो आपल्या दुकानात, शेतात, रिक्षावर.

मामा कराडचे. मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान, आणि वयाच्या पंचविशीपासून होमगार्ड. आठवड्याची कवायत त्यांनी क्वचितच चुकवली असेल. गणपतीत प्रीतिसंगमावर विसर्जनाला रात्रभर पाण्यात उभं राहून दोरी धरायची, निवडणुकीत मतदान केंद्रावर, पुरात बोटीजवळ. खाकी सदऱ्याची कॉलर उसवली की मामी उलटी करून शिवून द्यायच्या. लहानपणी आम्हाला तो सदरा म्हणजे पोलिसाचाच वाटायचा, आणि मामा दर वेळी सांगायचे, "पोलीस नव्हे गं, होमगार्ड." भत्ता मिळायचा, पण एका वर्षी निवडणुकीच्या ड्युटीचे पैसे सात महिने आले नाहीत. कार्यालयात विचारायला गेले तर फाईल वर गेलीय एवढंच उत्तर. त्या सात महिन्यांत त्यांनी आणखी दोन बंदोबस्त केले.

सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये हिमाचलच्या एका प्रकरणात सांगितलं, की होमगार्डचा भत्ता असा ठेवा की महिनाभराची ड्युटी धरली तर तो पोलीस शिपायाच्या किमान वेतनाइतका व्हावा. आपल्या राज्याने 2024 मध्ये दिवसाचा भत्ता 570 वरून 1083 रुपये केला. चांगलं झालं, उशिरा का होईना. पण तो किती दिवसांत हातात पडला पाहिजे, उशीर झाला तर जबाबदार कोण, हे कायद्यातच लिहायला हवं. 13 डॉलर आणि 7 डॉलरची गोष्ट वाचताना मला मामांचा चेहरा दिसत होता.

म्हणून ग्रुपवरच्या मैत्रिणीला माझं म्हणणं असं आहे. मंत्री जिल्ह्यात उतरला की दर वेळी पोलिसांना उन्हात उभं करून सलामी घ्यायची, हे मलाही नको आहे. त्यात मान पदाचा नसतो, माणसाचा असतो. तिथे मी तुझ्या बाजूने आहे. पण सगळा समारंभच मोडीत काढा, हे नको. मानवंदना कुणाला, कोणत्या दिवशी, कोण देईल हे विधानसभेत ठरवा. मुंबईत घोडे हवेत की नकोत, त्यावर लोकांना बोलू द्या, 3 मिनिटं का होईना. आणि होमगार्डचा 1947 चा कायदा बाहेर काढून नव्याने लिहा. महाराष्ट्र दिनाच्या संचलनात होमगार्डची तुकडी चालते, ती लोकांपुढे आणखी ठळकपणे यावी, आणि चालणाऱ्याला आपला भत्ता कधी मिळेल हे आधी कळावं. इथे लाल डगला आणि हिमवादळातला शिपाई एकाच प्रकरणात बसतात, तसा आपला खाकी सदराही मानवंदनेच्या पानावर यायला हवा.

मागच्या रविवारी हे सगळं मी कराडच्या आमदारांना पत्र म्हणून लिहिलं आणि पाठवण्याआधी फोनवर मामांना वाचून दाखवलं. तबेल्यातल्या नर्सबाईंची गोष्ट ऐकून त्यांनी विचारलं, "रात्रपाळी करून येती म्हणालीस? आणि घोड्याच्या खाण्याचं?" म्हटलं, सरकार आणि देणगीदार बघतात. मग 54 व्या रेजिमेंटचं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"पत्रात आणखी एक घाल," शेवटी म्हणाले.

"काय मामा?"

"रेनकोट. विसर्जनाला पाऊस असतोच, आणि पोरांकडं रेनकोट नसतात. तेवढं लिही."

ते मी पहिल्या मागणीच्या जागी घातलं आणि पत्र पाठवलं.